समुद्री टँकमधील शेवाळ आणि फॉस्फेट मीडिया: मात्रा, मोजणी आणि संयम

समुद्री टँकमधील दगडांवर हिरवे केसाळ शेवाळ दिसू लागले की बहुतेक ठिकाणी फॉस्फेट शोषणारा मीडिया (ज्यातून टँकचे पाणी फिरवतात असे कण किंवा गोळ्या) वापरण्याचा सल्ला मिळतो. सल्ला योग्य आहे, मात्र तो अर्धवट दिला जातो. किती मीडिया घालावा, त्यातून पाणी कोणत्या वेगाने फिरवावे, तो कधी बदलावा आणि मुख्य म्हणजे फॉस्फेट कुठवर उतरवून थांबावे, हे सांगितले जात नाही. परिणामी पाकिटातील सगळा मीडिया एकदम भरला जातो, काही दिवसांत फॉस्फेट शून्याला टेकते, मऊ प्रवाळ मिटून बसतात आणि शेवाळ मात्र जागचे हलत नाही. ठाणे आणि नवी मुंबईतील हौशी मंडळींच्या टँकचे पाणी तपासताना हा क्रम मला वारंवार दिसतो आणि प्रत्येक वेळी वाईट वाटते, कारण त्याच मीडियाने, अर्ध्या मात्रेत आणि थोड्या धीराने, काम व्यवस्थित झाले असते.

पुढील मजकूर साधारण १०० ते ३०० लिटरचा, मासे, कोरड्या स्वरूपात आणलेले दगड आणि थोडे मऊ प्रवाळ असलेला टँक डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. कठीण प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, त्यामुळे किनाऱ्यावरून प्रवाळ किंवा प्रवाळ चिकटलेला दगड उचलून आणण्याचा विचारही करू नये.

फॉस्फेट कुठून येते

शेवाळाला वाढण्यासाठी प्रकाश, कार्बन, नायट्रोजन आणि फॉस्फरस लागतो. समुद्रातील प्लवकांमध्ये कार्बन, नायट्रोजन आणि फॉस्फरस यांच्या अणूंचे प्रमाण सरासरी १०६:१६:१ असते. आल्फ्रेड रेडफिल्ड यांनी १९३४ साली मांडलेल्या निरीक्षणातून पुढे रूढ झालेले हे गुणोत्तर आजही वापरले जाते. तीन घटकांत फॉस्फरसची गरज सर्वांत कमी असते, तरीही त्याचा पुरवठा आवळला की वाढ अडते. खाडीतही हेच घटक काम करतात. ठाणे खाडीत हिवाळ्यापासून रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात ते तिथल्या चिखलातील सूक्ष्म शेवाळ आणि इतर बारीक जीवांसाठी, आणि त्या शेवाळाला शहरांच्या सांडपाण्यातून येणारा नायट्रोजन आणि फॉस्फरस पोसतो. खाडीत ते पक्ष्यांचे अन्न ठरते, आपल्या टँकमध्ये मात्र ते खाणारे फारसे कुणी नसते.

टँकमध्ये फॉस्फेट येण्याचा सर्वांत मोठा मार्ग म्हणजे आपण घालतो ते खाद्य. हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा. कोरड्या खाद्यात वजनाच्या १ टक्का फॉस्फरस धरला, तर १ ग्रॅम खाद्यात १० मिलिग्रॅम फॉस्फरस असतो, म्हणजेच फॉस्फेटच्या मापात सुमारे ३० मिलिग्रॅम. टँक आणि संप (टँकला जोडलेली खालची टाकी) मिळून २०० लिटर पाणी असेल, तर या १ ग्रॅम खाद्याने लिटरमागे ०.१५ मिलिग्रॅमची भर पडू शकते. आपले उद्दिष्ट लिटरमागे ०.०३ ते ०.१० मिलिग्रॅमच्या दरम्यान असते हे लक्षात घेतले, म्हणजे एका दिवसाचे खाद्य काय करू शकते याचा अंदाज येतो. अर्थात, हे सगळे पाण्यात राहत नाही. काही माशांच्या वाढीत जाते, काही स्किमरच्या (फेसासोबत घाण काढणाऱ्या यंत्राच्या) कपात येते, काही कापसासारख्या फिल्टर फ्लॉसमध्ये अडकते. परंतु हे फ्लॉस दोन-तीन दिवसांनी बदलले नाही, तर त्यात अडकलेले अन्न तिथेच कुजते आणि त्यातील फॉस्फेट पुन्हा पाण्यात उतरते.

गोठवलेले खाद्य वितळवून गाळण्यात धुऊन घालावे, असे आवर्जून सांगितले जाते. धुण्याने नुकसान काहीच नाही. मात्र वितळलेल्या पाण्यासोबत जाणारे फॉस्फेट एकूण खाद्यातील फॉस्फेटच्या तुलनेत थोडे असते. खरा साठा त्या कोळंबीच्या आणि माशाच्या तुकड्यांतच असतो. म्हणून धुण्यावर भिस्त ठेवण्याऐवजी प्रमाण कमी करावे. मासे एक-दोन मिनिटांत संपवतील एवढेच घालावे आणि तळाशी काही पडत असेल तर पुढच्या वेळी त्याहून कमी घालावे.

दुसरा मार्ग पाण्याचा. ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही शहरांत नळाच्या पाण्याचा दर्जा घरागणिक बदलतो. नवी मुंबईत महापालिकेचे मोरबे धरणाचे पाणी येते, तर घोडबंदर रस्त्यावरील अनेक सोसायट्यांत उन्हाळ्यात टँकर मागवावे लागतात आणि टँकरच्या पाण्यात कूपनलिकेचे पाणी मिसळले असेल तर क्षारांचे प्रमाण एकाच आठवड्यात कितीतरी बदलते. म्हणून समुद्री टँकसाठी मीठ कालवायचे पाणी आणि बाष्पीभवनाची भर घालायचे पाणी हे आरओ आणि त्यानंतर डीआय (उरलेले आयन काढणाऱ्या) रेझिनमधून गेलेलेच असावे. येथे एक गोष्ट विशेष तपासावी लागते. स्वयंपाकघरातील अनेक आरओ यंत्रांत चवीसाठी टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) नियंत्रक किंवा खनिजांचे काडतूस बसवलेले असते आणि ते शुद्ध पाण्यात थोडे मूळ पाणी किंवा क्षार परत मिसळते. असे पाणी पिण्यास उत्तम, टँकसाठी निरुपयोगी. एक तर टँकसाठी वेगळे यंत्र घ्यावे, नाही तर जाणकार तंत्रज्ञाकडून मेम्ब्रेननंतर लगेच, मिश्रणाच्या आधी, स्वतंत्र नळी काढून घ्यावी आणि तिला डीआयचा डबा जोडावा. डीआयनंतर टीडीएस मीटरवर ० दिसले पाहिजे. तरीही मीटरवर विसंबून राहू नये, कारण ०.१ मिलिग्रॅम फॉस्फेट त्या मीटरला दिसतच नाही आणि रेझिन संपत आले की सिलिकेटसारखे सैल धरलेले घटक आकडा हलण्याच्या आधीच निसटू लागतात. पावसाळ्यात पाणी गढूळ येते तेव्हा सेडिमेंट काडतूस लवकर भरते, त्या चार महिन्यांत ते नेहमीपेक्षा लवकर बदलावे.

खाडीचे किंवा किनाऱ्याचे पाणी टँकमध्ये वापरण्याविषयी कधीकधी विचारणा होते. वाशी, ऐरोली किंवा गायमुखच्या पाण्यात गाळ आणि सांडपाणी असते, आणि क्षारता भरती-ओहोटीनुसार व पावसानुसार बदलते. ते वापरू नये, एवढे सांगून पुढे जातो.

मोजल्याशिवाय मीडिया घालू नये

रंगपट्टीशी रंग जुळवून वाचायच्या साध्या चाचण्यांवर ०.०५ आणि ०.१५ यांतला फरक ओळखता येत नाही आणि आपले सगळे निर्णय नेमके याच पट्ट्यात घ्यायचे असतात. म्हणून हॅना कंपनीचा लहानसा डिजिटल फॉस्फेट मापक किंवा तशाच क्षमतेचे उपकरण घेणे मला आवश्यक वाटते. मीडियावर वर्षभरात होणारा वायफळ खर्च पाहता तो पैसा वसूल होतो. हॅनाचे दोन मापक प्रचलित आहेत. एक थेट फॉस्फेट दाखवतो, दुसरा फॉस्फरस अब्जांशांत दाखवतो. दुसऱ्याचा आकडा ३.०६६ ने गुणून १००० ने भागला की फॉस्फेट मिळते. मापकाने ३० दाखवले, तर फॉस्फेट सुमारे ०.०९ झाले. पहिल्या मापकाची अचूकता अधिक-उणे ०.०२ आणि वर आकड्याच्या ५ टक्के एवढी आहे, म्हणजे ०.०२ दिसले तर प्रत्यक्षात ते शून्यही असू शकते. बारीक निर्णयांसाठी म्हणूनच दुसरा मापक मला अधिक पटतो.

मोजताना काचेची कुपी कोरड्या मऊ कापडाने पुसावी, बोटांचे ठसे राहू देऊ नयेत, पुडीतील भुकटी शेवटच्या कणापर्यंत कुपीत पडेल याची काळजी घ्यावी आणि सूचनेत दिलेला वेळ पूर्ण होईपर्यंत हलवावी. त्यानंतर कुपीत बुडबुडे चिकटले आहेत का ते प्रकाशात धरून पाहावे, कारण एकच बुडबुडा आकडा वाढवू शकतो. आठवड्यातून दोनदा, शक्यतो ठरावीक वेळी आणि खाद्य घालण्यापूर्वी मोजावे आणि वहीत लिहून ठेवावे. त्याच दिवशी नायट्रेट आणि अल्कलिनिटीही (पाण्याची आम्ल झेलण्याची क्षमता) मोजावी.

आता यातील सर्वांत फसवी गोष्ट. दगड हिरवेगार केसाळ झाले आहेत आणि मापक ०.०० दाखवतो, असे अनेक टँकमध्ये दिसते. याचा अर्थ फॉस्फेट नाही असा होत नाही. पाण्यात आलेले फॉस्फेट मोजले जाण्याआधीच शेवाळ ते ओढून घेत असते. अशा टँकमध्ये मीडिया वाढवून काही साधत नाही. आधी शेवाळ हाताने बाहेर काढावे लागते. एक दगड बादलीत घ्यावा, जुन्या कडक ब्रशने मुळापासून घासावा, टँकच्याच पाण्यात विसळावा आणि मग परत ठेवावा. जे दगड काढता येत नाहीत त्यांवरील शेवाळ चिमटीत धरून उपटताना दुसऱ्या हातात बारीक नळीचा सायफन अगदी जवळ धरावा, म्हणजे तुटलेले धागे पाण्यात पसरण्याआधीच बादलीत जातात. काढलेल्या प्रत्येक मुठीसोबत त्यात साठलेला फॉस्फरस टँकबाहेर जातो, हे काम कंटाळवाणे असले तरी कोणताही मीडिया त्याची जागा घेऊ शकत नाही.

कोणता मीडिया घ्यावा

बाजारात मुख्यतः दोन प्रकार मिळतात. पहिला लोहाच्या ऑक्साइड-हायड्रॉक्साइडच्या तांबूस-तपकिरी कणांचा, ज्याला सगळे जीएफओ म्हणतात. याच जातीचे पदार्थ पिण्याच्या पाण्यातील आर्सेनिक काढण्यासाठीही वापरले जातात. फॉस्फेटचे आयन या कणांच्या पृष्ठभागाला रासायनिक बंधाने चिकटतात आणि जागा संपेपर्यंत चिकटत राहतात. सिलिकेटही याच जागा अडवते, त्यामुळे ज्या टँकमध्ये पाणी नीट शुद्ध होत नाही तिथे जीएफओ लवकर संपतो आणि दोष मीडियाला दिला जातो. दुसरा प्रकार अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडच्या पांढऱ्या गोळ्यांचा. तो वेगाने काम करतो, जाळीच्या पिशवीतही चालतो, पण त्याचा वापर सुरू झाल्यावर लेदर नावाचे मऊ प्रवाळ आक्रसल्याची उदाहरणे आहेत. मऊ प्रवाळ असलेल्या टँकसाठी मी जीएफओचीच शिफारस करतो. सुट्या पाकिटावर केवळ फॉस्फेट रिमूव्हर असे लिहिले असेल आणि घटकांचा उल्लेख नसेल, तर रंगावरून अंदाज बांधण्यापेक्षा दुकानदाराला घटक विचारावेत आणि उत्तर मिळाले नाही तर ते घेऊ नये.

लँथॅनम क्लोराइड हे द्रव रसायन फॉस्फेटचा अतिसूक्ष्म साका पाडते. तो साका ५ ते १० मायक्रॉनच्या गाळणीत अडकवला नाही तर माशांच्या कल्ल्यांना त्रास होऊ शकतो आणि टँग जातीचे मासे त्यात दगावल्याचे अनुभव आहेत. पहिल्यांदाच फॉस्फेट उतरवणाऱ्या व्यक्तीने त्याच्या वाटेला जाऊ नये.

मीडिया बसवण्याची पद्धत

सर्वप्रथम पाण्याचे खरे प्रमाण काढावे. ३ फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टँकचे गणिती आकारमान सुमारे १९० लिटर होते, परंतु काचेची जाडी, वरची रिकामी जागा आणि दगड वजा जाता प्रत्यक्ष पाणी १५० ते १६० लिटर भरते. त्यात संपमधील पाणी मिळवावे. मात्रा नेहमी या निव्वळ पाण्यावर ठरवावी.

भरड जीएफओची पूर्ण मात्रा प्रचलित हिशेबाने १०० लिटरला साधारण १०० मिली एवढी धरली जाते. सुरुवात त्याच्या निम्म्याने, म्हणजे १०० लिटरला ५० मिलीने करावी आणि फॉस्फेट लिटरमागे ०.५ मिलिग्रॅमच्या वर असेल तर पाव मात्रेनेच करावी. हे उलटे वाटेल. आजार मोठा तर औषध जास्त, असा आपला स्वाभाविक विचार असतो. परंतु फॉस्फेटने भरलेल्या पाण्यात रुळलेल्या प्रवाळांना आणि जिवाणूंना अचानक झालेली घट सोसत नाही आणि जेवढा आकडा मोठा तेवढा पूर्ण मात्रेचा धक्काही मोठा असतो. पाकिटावरील मात्रा वेगळी असेल, विशेषतः अधिक क्षमतेच्या बारीक कणांच्या मीडियाची ती बरीच कमी असते, तर तिच्या निम्म्यापासून सुरुवात करावी.

मीडिया रिअ‍ॅक्टरमध्ये (पंपाने पाणी फिरवण्याच्या उभ्या डब्यात) भरण्याआधी बारीक गाळण्यात घेऊन आरओच्या पाण्याने हलक्या हाताने धुवावा, घासू नये. कण ठिसूळ असतात आणि घासल्यास आणखी भुकटी होते. रिअ‍ॅक्टरमध्ये खाली स्पंज, त्यावर मीडिया आणि वर पुन्हा स्पंज असा क्रम ठेवावा आणि वर किमान एक तृतीयांश जागा रिकामी सोडावी. त्यानंतर बाहेर जाणारी नळी संपमध्ये न सोडता बादलीत सोडावी आणि पंप सुरू करावा. पहिले पाणी गंजासारखे लालसर येते. ते पूर्णपणे निवळेपर्यंत बादलीतच जाऊ द्यावे आणि ते पाणी टाकून द्यावे. ही भुकटी टँकमध्ये गेली तर पांढऱ्या वाळूवर आणि दगडांवर तपकिरी पुट बसते.

मग प्रवाहाचा वेग लावायचा असतो आणि या टप्प्यावर पाच मिनिटे रिअ‍ॅक्टरसमोर बसणे फार उपयोगी पडते. झडप जवळजवळ बंद करून हळूहळू उघडत जावी. सुरुवातीला कण निश्चल दिसतात, मग सगळा थर किंचित फुगतो आणि काही क्षणांनी वरचा पदर मंद आचेवरच्या खिरीसारखा हलका उलथापालथ होऊ लागतो. तिथेच थांबावे. याहून अधिक वेग दिला की कण एकमेकांवर घासून झिजतात आणि लाल भुकटी पाण्यात मिसळते. कमी दिला तर काही दिवसांत कण एकमेकांना चिकटून विटेसारखा घट्ट गठ्ठा होतो, पाणी त्याच्या कडेने वाट काढते आणि आतला मीडिया वापरलाच जात नाही. हा गठ्ठा बहुतांशी कणांवर साचलेल्या कॅल्शियम कार्बोनेटचा असतो, म्हणून अल्कलिनिटी आणि कॅल्शियम जास्त असलेल्या टँकमध्ये तो लवकर होतो. आठवड्यातून एकदा पंप थांबवून रिअ‍ॅक्टर हातात घेऊन हलकेच फिरवावा, म्हणजे थर मोकळा होतो.

रिअ‍ॅक्टर घेणे शक्य नसेल तर बारीक जाळीच्या पिशवीत मीडिया भरून ती संपमध्ये अशा ठिकाणी ठेवावी जिथे पाण्याला पिशवीतूनच जावे लागेल. दर दोन-तीन दिवसांनी पिशवी चोळून मोकळी करावी. रिअ‍ॅक्टरच्या तुलनेत हे निश्चितच कमी प्रभावी असते, तरी लहान टँकसाठी पुरते.

अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन आणि जीएफओ एकाच डब्यात मिसळू नयेत. कार्बनचे कण कडक असतात, ते जीएफओला झिजवतात आणि दोघांची मुदतही वेगळी असते.

देखभालीसाठी वीज काही तास बंद राहणार असेल, तर वीज परत आल्यावर रिअ‍ॅक्टरमधील साचलेले पाणी आधी बादलीत सोडावे आणि नंतर नळी संपमध्ये ठेवावी. बंद डब्यात अडकलेल्या पाण्यातील ऑक्सिजन तेवढ्या वेळात बराच घटतो.

पहिले दोन महिने: आकडा उतरतो आणि परत का चढतो

मीडिया सुरू केल्यानंतर दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी फॉस्फेट मोजावे. ते निम्म्याहून अधिक घसरले असेल, तर मात्रा जास्त झाली आहे असे समजून थोडा मीडिया काढून घ्यावा. आठवड्याला एक चतुर्थांश ते एक तृतीयांश घट मला समाधानकारक वाटते. ०.५ पासून ०.१ पर्यंत यायला दीड-दोन महिने लागले तर ते उत्तमच आहे. या काळात अल्कलिनिटी ७ ते ८.५ डीकेएचच्या (अल्कलिनिटीचे एकक) दरम्यान स्थिर ठेवावी, कारण फॉस्फेट झपाट्याने उतरत असताना अल्कलिनिटी चढलेली असेल तर प्रवाळांना दुहेरी ताण बसतो.

बहुतेक जण ज्या ठिकाणी निराश होतात ते इथून पुढे. पहिल्या आठवड्यात आकडा छान उतरतो, दुसऱ्यात थबकतो आणि तिसऱ्यात चक्क वाढतो. खाद्य कमी केलेले असते, पाणी बदललेले असते, तरीही वाढतो. याचे कारण दगड आणि वाळू. कॅल्शियम कार्बोनेटच्या पृष्ठभागावर फॉस्फेट चिकटते आणि पाण्यातील प्रमाण घटले की तेच पुन्हा सुटते. दोन-तीन वर्षे भरपूर खाद्य पडलेल्या टँकमधील दगडांत पाण्यात आहे त्याच्या कितीतरी पट फॉस्फेट साठलेले असू शकते आणि दुसऱ्याच्या मोडलेल्या टँकमधून स्वस्तात घेतलेल्या कोरड्या दगडांतही तो साठा जसाच्या तसा येतो. पाणी बदलून हा साठा संपत नाही. १० टक्के पाणी बदलले तर ०.५० चे ०.४५ होते आणि दगड ते काही दिवसांत भरून काढतात. जीएफओचे खरे मोल इथे कळते, कारण तो रोज थोडे थोडे ओढत राहतो आणि दगडांना रोज थोडे थोडे सोडायला लावतो. आकडा वर-खाली होत असला तरी वहीतील महिनाभराची रेषा उतरती असेल, तर काम योग्य दिशेने चालले आहे.

नवीन टँक उभारणाऱ्यांनी जुने दगड थेट टँकमध्ये न ठेवता आधी झाकणाच्या पिंपात मिठाच्या पाण्यात, पंप लावून, अंधारात ठेवावेत आणि तिथेच मीडिया वापरून फॉस्फेट उतरवावे. पिंपात मासे आणि प्रवाळ नसल्याने तिथे पूर्ण मात्रा निर्धास्तपणे वापरता येते.

मीडिया कधी बदलावा, याचे उत्तर दिनदर्शिकेत शोधू नये. रिअ‍ॅक्टरमध्ये जाणाऱ्या आणि त्यातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचे फॉस्फेट वेगवेगळे मोजावे. बाहेरचा आकडा आतल्यापेक्षा स्पष्टपणे कमी असेल, तर मीडिया अजून काम करतो आहे. दोन्ही जवळपास सारखे झाले, की तो संपला. सुरुवातीला हे दहा-बारा दिवसांतच घडू शकते, पुढे दगड रिकामे होत गेले की तोच मीडिया सहा-आठ आठवडे टिकतो. बदलताना सगळा एकदम न बदलता निम्मा बदलावा, म्हणजे नव्या मीडियाचा पहिला जोर सौम्य राहतो. वापरलेला मीडिया वाळवून, कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकावा; बेसिनमध्ये ओतल्यास तो नळीच्या वळणात बसतो. कॉस्टिक सोड्याने तो धुऊन पुन्हा वापरता येतो हे खरे, पण घरातील मोरीत, मुलाबाळांच्या वावरात, तेवढ्या बचतीसाठी असले दाहक रसायन हाताळण्याचा मी ठाम विरोध करतो.

मीडिया जिथे चालत नाही

हिरव्या प्रत्येक गोष्टीवर जीएफओ हा उपाय नसतो, त्यामुळे समोर काय आहे ते आधी ओळखावे. पक्ष्याच्या पिसासारखी दोन बाजूंना फुटलेली बारीक पाने दिसली तर ते ब्रायोप्सिस नावाचे शेवाळ असण्याची शक्यता मोठी आणि ते फॉस्फेट कमी करून सहसा जात नाही. लालसर-जांभळा गुळगुळीत पापुद्रा, जो सायफन लावताच अखंड उचलला जातो, तो सायनोबॅक्टेरियाचा. ते शेवाळ नसून जिवाणू आहेत आणि त्यांचा संबंध साचलेल्या कचऱ्याशी व मंद प्रवाहाशी अधिक. नव्या टँकमधील तपकिरी भुकटीचा थर बहुधा डायटमचा (सूक्ष्म एकपेशीय शेवाळाचा) असतो. पाणी शुद्ध असेल तर तो आपोआप ओसरतो.

सर्वांत सावध राहावे लागते ते डायनोफ्लॅजेलेट्स या एकपेशीय सूक्ष्म जीवांपासून. तपकिरी, शेंबडासारखे लोंबणारे धागे, त्यांत अडकलेले हवेचे बुडबुडे, दिवसा वाढलेले आणि दिवे बंद झाल्यावर विरळ झालेले दिसले, की वही उघडून फॉस्फेट आणि नायट्रेट पाहावे. बहुतेक वेळा दोन्ही शून्यावर गेलेले आढळतात. केसाळ शेवाळ घालवण्याच्या भरात फॉस्फेट पार तळाला नेल्याने शेवाळाची जागा रिकामी होते आणि हे जीव ती घेतात. अशा वेळी जीएफओ त्याच दिवशी बंद करावा, खाद्य थोडे वाढवावे आणि फॉस्फेट ०.०५ च्या आसपास, तर नायट्रेट ५ मिलिग्रॅमच्या आसपास परत येऊ द्यावे. खात्री करायची असेल तर ४०० पट मोठे दाखवणाऱ्या साध्या सूक्ष्मदर्शकाखाली एक थेंब पाहता येतो. ऑस्ट्रिऑप्सिस जातीचे जीव एका टोकाला जखडल्यासारखे स्वतःभोवती फिरताना दिसतात. त्यांचे विष गोगलगायींना मारक ठरते, म्हणून हातमोजे घालूनच साफसफाई करावी.

शेवाळ खाणारे जीव मीडियाच्या जोडीला हवेतच. टर्बो गोगलगायी आणि सॅलॅरिअस ब्लेनी हे दोन लहान टँकला पुरेसे आहेत. टँग मासा शेवाळ खातो खरा, परंतु ३ फुटी टँकमध्ये त्याला पोहायला जागा नसते आणि शेवाळासाठी तो आणणे त्या माशावर अन्याय आहे. खाणारे जीव लांब वाढलेल्या, राठ झालेल्या शेवाळाला सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून आधी हाताने उपटून मग त्यांना कोवळ्या फुटव्यावर सोडावे.

स्थिरावल्यानंतर

फॉस्फेट सलग महिनाभर ०.०३ ते ०.१० च्या दरम्यान राहिले आणि दगडांवर नवा हिरवा फुटवा दिसत नसेल, तर मीडियाची मात्रा टप्प्याटप्प्याने घटवावी. कमी मासे असलेल्या, मोजके खाद्य पडणाऱ्या टँकमध्ये तो पूर्ण काढूनही चालतो. रिअ‍ॅक्टर धुऊन ठेवावा आणि आठवड्याची मोजणी मात्र सुरू ठेवावी. संपमध्ये जागा असल्यास चेटोमॉर्फा या धागेदार शेवाळाचा गुंता छोट्या दिव्याखाली वाढवून दर पंधरवड्याला त्यातील निम्मा काढून टाकणे हा मीडियाचा खर्च वाचवणारा उत्तम मार्ग आहे.

गणपतीत किंवा मे महिन्यात आठवडाभर कोकणात जाणाऱ्यांनी खाद्याचा डबा शेजाऱ्यांच्या हाती देऊ नये. माशांवरच्या मायेने शेजारी चिमटीऐवजी मूठ घालतात आणि परत आल्यावर फॉस्फेट दुप्पट झालेले सापडते. प्रत्येक दिवसाची चिमूट कागदाच्या वेगळ्या पुडीत बांधावी, पुडीवर वार लिहावा आणि मधला एक दिवस उपवासाचा ठेवावा. निघण्याच्या आदल्या दिवशी नवा मीडिया भरू नये, कारण त्याचा सर्वाधिक जोर पहिल्या काही दिवसांत असतो आणि त्या दिवसांत आकडा पाहायला घरी कुणीतरी असले पाहिजे. बदलायचाच असेल तर तो निघण्याच्या दहा दिवस आधी बदलावा आणि प्रवाहाची झडप निघण्यापूर्वी एकदा तपासून घ्यावी.